चाचणीची तारीख की पदकाची? पुण्यातल्या एका स्काऊट पथकाचं प्रकरण

पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेचं हे स्काऊट पथक. २८ मुलं, सात-सातचे चार संघ. अनेक वर्षं पथक सांभाळणारे स्काऊटमास्तर मे महिन्यात निवृत्त झाले आणि जूनमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी जबाबदारी घेतली. त्यांचा सात दिवसांचा बेसिक कोर्स झालेला होता. मदतीला याच पथकातून पुढे गेलेला, आता कॉलेजात असलेला एक रोव्हर, म्हणजे वरच्या वयोगटातला स्काऊट, दर शनिवारी येणारा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात स्काऊटच्या जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं. तृतीय सोपान (सोपान म्हणजे स्काऊटमधली पायरी) चाचणी शिबिर ९ ते ११ ऑक्टोबर, नावं आणि प्रगतीचा तपशील ३१ जुलैपर्यंत पाठवावा. नववीतली सहा मुलं या शिबिरासाठी तयार आहेत असं पथकात सगळे धरून चालले होते. सरांनी प्रगती रजिस्टर उघडलं, त्यातल्या तारखा तक्त्यात उतरवल्या, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि यादी पाठवून दिली. दोन दिवसांनी कार्यालयातून फोन आला.

"सर, तुमच्या पाच मुलांचं प्रथम सोपान १५ ऑगस्टला आणि द्वितीय लगेच २६ जानेवारीला? मध्ये साडेपाच महिनेसुद्धा नाहीत. आणि २६ जानेवारी धरली तर ऑक्टोबरच्या शिबिराला ती बसतच नाहीत. सहाव्याच्या रकान्यात तर तारखाच नाहीत."

यादी परत आली. पुढच्या तीन आठवड्यांत पथकाने ती कशी निस्तरली, काय वाचलं आणि काय वाचवता आलं नाही, ते इथे तपशिलात मांडलं आहे. स्काऊट-गाईड पथक चालवणाऱ्या बहुतेक शाळांच्या कपाटात अशीच रजिस्टरं आहेत, म्हणून.

नियमाचा सांगाडा

भारत स्काउट्स अँड गाईड्समध्ये स्काऊटची चढण ठरलेली आहे: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला दोन अटी असतात. एक, त्या पायरीची कलमं, म्हणजे करून दाखवायच्या ठरलेल्या गोष्टी, पूर्ण करणं. दोन, आधीच्या पायरीवर किमान ठरावीक काळ काम करणं. नवीन मुलाला दीक्षाविधीपर्यंत, म्हणजे प्रवेशाची पायरी मिळेपर्यंत, किमान तीन महिने, प्रवेशापासून प्रथमपर्यंत सहा महिने, प्रथमपासून द्वितीयपर्यंत नऊ आणि द्वितीयपासून तृतीयपर्यंत पुन्हा नऊ. बेरीज २७ महिने, म्हणजे सव्वादोन वर्षं, आणि तीसुद्धा एकही आठवडा वाया गेला नाही तर. त्यानंतर राज्य पुरस्काराआधीचा काळ वेगळा.

हे सगळं संस्थेच्या नियमपुस्तकात आहे. सगळे त्याला एपीआरओ म्हणतात, आणि त्याचा दुसरा भाग स्काऊट विभागाचा. पथकाच्या कपाटात बहुतेक वेळा याची जुनी झेरॉक्स असते. सुधारणा होत राहतात, म्हणून दर जूनमध्ये जिल्हा कार्यालयातून चालू प्रत आणणं हे पथकाचं पहिलं काम असायला हवं. या पथकात ते झालं नव्हतं, पण घोळ त्यामुळे झाला नाही. घोळ एका रकान्यामुळे झाला.

रजिस्टरात काय होतं

जुन्या रजिस्टरात प्रत्येक सोपानापुढे एकच रकाना होता: 'दिनांक'. निवृत्त झालेले सर मनापासून काम करणारे. मुलांचा गौरव सगळ्या शाळेसमोर व्हावा म्हणून ते पदकं राखून ठेवत आणि १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर मुख्याध्यापकांच्या हस्ते देत. त्यात चुकीचं काही नाही. पण रजिस्टरात लिहिली गेली ती पदक दिल्याची तारीख. चाचणीतलं शेवटचं कलम ज्या दिवशी पूर्ण झालं, तो दिवस कुठेच नव्हता.

मुलांच्या नोंदवह्या मागवल्यावर चित्र बदललं. पाचपैकी तिघांच्या वह्या व्यवस्थित होत्या आणि प्रत्येक कलमापुढे सरांची सही आणि तारीख होती. त्यातून निघालेला क्रम असा:

पथकात दाखल १५ जून (सातवी). दीक्षाविधी २२ सप्टेंबर. प्रथम सोपानाची शेवटची सही पुढच्या वर्षी २८ मार्च. द्वितीय सोपानाची शेवटची सही ३० डिसेंबर, हिवाळी शिबिरानंतरच्या तपासणीत.

आता मोजा. १५ जून ते २२ सप्टेंबर, तीन महिने सात दिवस. २२ सप्टेंबर ते २८ मार्च, सहा महिने सहा दिवस. २८ मार्च ते ३० डिसेंबर, नऊ महिने दोन दिवस. ३० डिसेंबरनंतरचे नऊ महिने ३० सप्टेंबरला भरतात आणि शिबिर ९ ऑक्टोबरला. सगळं नियमात. निवृत्त सरांनी महिने काटेकोर सांभाळले होते, रजिस्टराने मात्र त्यांच्यावर अन्याय केला होता.

इथे एक बारीक गोष्ट. यादी पाठवण्याच्या दिवशी, म्हणजे जुलैत, नऊ महिने भरलेले नव्हते. चाचणीच्या दिवशी ते भरणार होते. अर्जाच्या दिवशी पूर्ण हवेत की चाचणीच्या दिवशी, हे अंदाजाने ठरवायचं नाही, कार्यालयाला विचारायचं. सरांनी विचारलं, चाचणीचा दिवस धरतो असं उत्तर आलं, आणि ते त्यांनी पत्राने मागून फाइलला लावलं. फोनवरचं उत्तर पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही.

दुसरी गोष्ट मोजणीची. 'नऊ महिने' म्हणजे २७० दिवस नव्हे. ३० डिसेंबरपासून २७० दिवस मोजले तर २६ सप्टेंबर येतो, चार दिवस आधी. शिबिर त्या चार दिवसांत असतं तर मुलं बसली असती आणि नंतर राज्याच्या तपासणीत अडकली असती. महिने कॅलेंडरने मोजावेत: तीच तारीख, नऊ महिन्यांनंतर.

दुरुस्ती कशी केली

रजिस्टर दुरुस्त करताना सगळ्यात मोठा मोह नवीन रजिस्टर लिहून काढण्याचा असतो. स्वच्छ, एका शाईत, एका हस्ताक्षरात. तो टाळावा. दोन वर्षांच्या नोंदी एकाच दिवशी एकाच पेनाने लिहिलेल्या आहेत हे तपासणाऱ्याला पान उघडताच दिसतं, आणि मग खऱ्या तारखांवरचाही विश्वास जातो.

इथे जुनं पान तसंच ठेवलं. '२६ जानेवारी'वर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. व्हाइटनर नाही, खरडणं नाही. बाजूला: 'पदक प्रदान २६ जानेवारी. चाचणी पूर्ण ३० डिसेंबर. आधार: नोंदवही, द्वितीय सोपान, सर्व कलमं स्वाक्षरीसह.' त्याखाली नव्या सरांची सही आणि आजची तारीख, १२ जुलै. 'आजची' हा शब्द इथे महत्त्वाचा. दुरुस्ती आज झाली, तर आजचीच तारीख. मग मुख्याध्यापकांची प्रतिस्वाक्षरी.

चौथ्या मुलाची नोंदवही घर बदलताना हरवली होती. त्याच्यासाठी तीन ठिकाणी शोध घेतला. त्याच्या संघाची संघवही, जिच्यात संघनायक दर सभेची नोंद ठेवतो, शिबिराचा हजेरीपट, आणि निवृत्त सरांची स्वतःची डायरी. सर अजून सदाशिव पेठेतच राहतात. त्यांनी डायरी पाहिली, २८ मार्च आणि ३० डिसेंबर दोन्ही दिवशी या मुलाचं नाव इतरांसोबत होतं. नव्या सरांनी त्यांच्याकडून नोंदवहीवर मागची सही घेतली नाही. त्यांनी एक पत्र घेतलं, त्या दिवसाच्या तारखेचं: 'अमुक स्काऊटची अमुक कलमं मी अमुक दिवशी स्वतः तपासली होती, माझ्या डायरीतील नोंदीवरून हे लिहून देत आहे.' कागद हरवला असेल तर असाच भरून काढायचा. घडलेल्या गोष्टीचा आजच्या तारखेचा दाखला हा पुरावा असतो. मागच्या तारखेची ताजी सही खोटी असते, गोष्ट खरी घडलेली असली तरीही.

चार मुलं मोकळी झाली. पाचवा राहिला.

एक रिकामा चौकोन

पाचव्या मुलाच्या नोंदवहीत द्वितीय सोपानाची सगळी कलमं सहीची होती. टिंबर हिचची गाठ, होकायंत्राच्या १६ दिशा, रोलर बँडेज, सगळं. फक्त विस्तव आणि स्वयंपाकाच्या कलमापुढचा चौकोन रिकामा होता. हे कलम साधं दिसतं: उघड्यावर लाकडाचा विस्तव जास्तीत जास्त दोन काड्यांत पेटवायचा आणि त्यावर दोघांना पुरतील असे दोन साधे पदार्थ करायचे. मुलाला २६ जानेवारीला पदक मिळालं होतं, गणवेशावर ते सहा महिने होतं.

सरांनी प्रथम मुलाला विचारलं. वर्गात नाही, बंद खोलीतही नाही. मैदानाच्या कट्ट्यावर, रोव्हर दहा पावलांवर असताना. मुलाशी एकट्याने दाराआड बोलायचं नाही हा नियम अशा वेळी दुप्पट पाळायचा, कारण बोलणं अवघड असतं.

"हे तू केलं होतंस का रे?"

"शिबिरात करायचं होतं, सर. दुसऱ्या दिवशी मला ताप आला, बाबा घेऊन गेले. सर म्हणाले होते नंतर करून घेऊ."

मुलाने लपवलं काहीच नाही. कोणी विचारलंच नव्हतं.

तरी पडताळणी केली. सन्मानसभा, म्हणजे चारही संघनायक, शनिवारी बसली. तिचं काम इथे निकाल द्यायचं नव्हतं, आठवायचं होतं. त्याच्या संघनायकाने संघवही काढली. २१ डिसेंबरच्या पानावर लिहिलेलं होतं: 'भात, पिठलं. चूल –', पुढे तीन नावं. चौथं त्याचं नव्हतं. पान थोडा वेळ सगळ्यांसमोर उघडं राहिलं आणि मग त्याच संघनायकाने म्हटलं, "सर, आम्ही तिघं लिहून देतो ना, तो होता म्हणून. तो चांगला करतो स्वयंपाक, खरंच."

मित्रासाठी पुढे येणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि सरांनी तसं म्हटलंही. मग त्यांनी विचारलं, पहिला नियम कोणता? चौघांनी एकदम म्हटला: स्काऊट विश्वसनीय असतो. त्यापुढे त्या दिवशी त्या विषयावर कोणी बोललं नाही.

आमच्या मते पूर्ण प्रकरणाचा गाभा इथे आहे. चौथ्या मुलाची गोष्ट घडली होती, कागद नव्हता. पाचव्याची गोष्ट घडलीच नव्हती. वरवर दोघांपुढेही रिकामाच चौकोन. पण पहिल्याला पुरावा गोळा करायचा असतो आणि दुसऱ्याला चाचणी द्यायची असते. स्वयंसेवक चुकतात ते बहुतेक हे दोन एकाच पेनाने भरतात म्हणून.

जुलैतला विस्तव

चाचणी १९ जुलैच्या शनिवारी ठेवली. पुण्यात जुलैत उघड्यावर विस्तव पेटवणं हे डिसेंबरसारखं नाही. टेकडीवर नेण्याचा विचार रोव्हरने मांडला होता, पण वेताळ टेकडी वनजमीन आहे, तिथे चूल पेटवायची नसते. म्हणून शाळेच्या मैदानाच्या कडेला, तिन्ही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड. जमिनीवर जुना पत्रा, त्यावर चार बोटं वाळू, बाजूंना विटा. एक बादली पाणी, एक बादली वाळू.

पहिला प्रयत्न फसला. काड्या दोन. पहिली त्याने वाऱ्याकडे तोंड करून ओढली, ती ओल्या हवेत फुसकन विझली. दुसरीने चिपाट्या पेटल्या, पण घाईघाईत त्याने लगेच मनगटाएवढी बाभळीची फाळी वर ठेवली. ज्वाळ दबली, पांढरा दाट धूर निघाला आणि संपलं. सरांनी वहीत नापास असं काही लिहिलं नाही. प्रयत्नाची तारीख पेन्सिलने टिपली आणि चौकोन रिकामाच ठेवला. चाचणी पुन्हा देता येते. पण त्याच वेळी तिसरी काडी देता येत नाही. कलम दोन काड्यांचं आहे, अडीच नाही.

मधल्या आठवड्यात रोव्हरने त्याला शिकवलं, आणि कोणत्याही पथकाने पावसाळ्यात हेच शिकवावं. लाकूड बाहेरून कोरडं दिसलं तरी सालीखाली ओल असते, म्हणून फाळी उभी चिरून आतला गाभा वापरायचा. तीन जाडीचे ढीग करायचे: काडेपेटीच्या काडीएवढे, पेन्सिलीएवढे, अंगठ्याएवढे. प्रत्येकी दोन भरगच्च मुठी, आणि पेटवण्याआधीच हाताशी. ढीग अपुरे असतील तर काडी ओढायचीच नाही. लाकूड दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवायचं. वारा पाठीवर घेऊन बसायचं, काडी ओंजळीत, गूल खाली झुकवून, म्हणजे ज्वाळ काडीवर चढते. बारीक ढीग पूर्ण धरल्याशिवाय पेन्सिलीएवढं घालायचं नाही, आणि ते कडकडायला लागल्याशिवाय अंगठ्याएवढं नाही.

२६ जुलैला रिमझिम होती. पहिली काडी ओंजळीत धरली, तीन-चार सेकंद स्थिर होऊ दिली, मग खालून लावली. दुसरी वापरावी लागली नाही.

भात आधी चढवला, कारण भाताला एकसारखी आच लागते. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. पातेल्याला बाहेरून ओली माती लिंपलेली होती, म्हणजे काजळी घासताना मातीबरोबर निघून जाते. उकळी आल्यावर दोन लाकडं बाहेर ओढून आच उतरवली. पिठल्यासाठी अर्धी वाटी बेसन आधी गार पाण्यात कालवून घेतलं. कढत पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या फोडत बसण्यात खालचं लागतं. फोडणी, लसूण, मिरची, मग कालवलेलं पीठ, सतत ढवळत सात-आठ मिनिटं. पिठल्याला निखारेही पुरतात, म्हणून ते शेवटी. दोघांना पुरलं. सर आणि संघनायक जेवले.

शेवटी विस्तव पाण्याने विझवून, राख हाताने चाचपून, विटा जागच्या जागी लावल्यावरच सही झाली. २६ जुलै.

वडिलांशी बोलणं

आता हिशोब. २६ जुलै अधिक नऊ महिने म्हणजे २६ एप्रिल. ऑक्टोबरचं शिबिर गेलं. पुढचं जिल्हा शिबिर येईपर्यंत मुलगा दहावीत, आणि त्यानंतरचा राज्य पुरस्काराचा काळ दहावीच्या परीक्षेपूर्वी भरणं शक्य नाही. महाराष्ट्रात दहावीच्या निकालात स्काऊट-गाईडच्या वरच्या पुरस्कारांना सवलतीचे गुण मिळतात, हे प्रत्येक पालकाला माहीत असतं. वडील शाळेत आले ते त्यासाठीच.

"सर, एक सही राहिली, ती पण त्याच्या चुकीने नाही. आता केलंय ना त्याने? मग डिसेंबरची तारीख टाका, कोणाचं नुकसान आहे?"

हे म्हणणं रागावून झटकण्यासारखं नाही. मुलाची चूक खरोखरच नव्हती. सरांनी तेच पहिलं मान्य केलं: सात महिने हा चौकोन कोणी पाहिला नाही, ही पथकाची चूक आहे, मुलाची नाही. तसं त्यांनी मुलाला आधीच सांगितलं होतं आणि त्याची माफीही मागितली होती. मग त्यांनी कागदावर कॅलेंडर काढून दाखवलं. डिसेंबरची तारीख टाकली तर संघवहीतलं २१ डिसेंबरचं पान तिच्या विरोधात आहे, शिबिराचा हजेरीपट विरोधात आहे. पुढे राज्याच्या चाचणीत परीक्षक नोंदवही समोर ठेवून मुलालाच विचारतात: हे कुठे केलंस, कोण होतं बरोबर, कसं पेटवलंस? तिथे तो एकटा असेल. खोटं त्याच्या तोंडून वदवावं लागेल, आपल्या नव्हे. आणि संघातल्या सात मुलांना खरं माहीत आहे.

सरांनी आणखी एक केलं, जे अनेक जण करत नाहीत. सवलत देण्याचा अधिकार पथकाला नाही, म्हणून त्यांनी सगळी हकीकत, चूक पथकाची आहे असं स्पष्ट लिहून, जिल्हा कार्यालयाला पत्र दिलं आणि काळाच्या अटीत काही करता येईल का विचारलं. उत्तर नाही असंच आलं. पण वडिलांना ते पत्र आणि उत्तर दोन्ही दाखवता आलं. 'सरांनी अडवलं' आणि 'सरांनी विचारून पाहिलं' यात घरी गेल्यावर फार फरक पडतो.

वडील समाधानाने गेले असं म्हणता येणार नाही.

राहिला प्रश्न गणवेशावरच्या पदकाचा. ते काढून घ्यायचं का? सरांनी काढून घेतलं नाही, कारण २६ जुलैला मुलाने ते खरोखर कमावलं. रजिस्टरात मात्र लिहिलं: 'पदक प्रदान २६ जानेवारी (एक कलम अपूर्ण असताना). चाचणी पूर्ण २६ जुलै.' दोन्ही तारखा, दोन्ही खऱ्या.

दुसऱ्या टोकाची चूक

या सगळ्यात रोव्हर दुसऱ्या बाजूला झुकला होता. उरलेल्या चौघांना त्याने सहज बोलाइन बांधायला सांगितली आणि दोघांची चुकली: दोराचं टोक फासाच्या चुकीच्या बाजूने बाहेर आलं, ओढल्यावर गाठ सुटली. एकाची रीफ नॉटही 'उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर' ऐवजी दोन्ही वेळा उजवंच वर घेतल्याने ग्रॅनी, म्हणजे सरकणारी चुकीची गाठ, झाली होती. "यांची प्रथम सोपानची सगळी चाचणी परत घेऊ, मगच नावं पाठवू," असं त्याचं म्हणणं.

कळकळ खरी होती, पण हे करता येत नाही. सही झालेलं कलम हे त्या दिवशी मुलाला येत होतं याची नोंद आहे. ते पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावणं म्हणजे नियमात नसलेली नवी अट घालणं. कमी करणं जसं आपल्या हातात नाही, तसं वाढवणंही नाही. विसरलेली गाठ मात्र पुन्हा शिकवायलाच हवी, कारण तृतीय सोपानात स्प्लाइसिंग (दोराचे पेड विणून जोडणं), डायगोनल लॅशिंग (तिरके बांबू दोराने बांधणं) आणि फायरमन्स चेअर (माणसाला खाली उतरवायची दोन फासांची गाठ) येतात, आणि ज्याची क्लोव्ह हिच सैल त्याचं लॅशिंग शेवटी सुटतं. म्हणून चाचणीऐवजी ऑगस्टचे सगळे शनिवार सरावाला दिले, आणि गाठी सुट्या न बांधता कामात बांधल्या. रीफ नॉटने त्रिकोणी बँडेजची झोळी, गाठ मानेच्या मणक्यावर नाही तर गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात, बोटांची टोकं उघडी, म्हणजे निळी पडली तर दिसतील. बोलाइन कमरेभोवती, मित्राला ओढून पाहायला. कामात बांधलेली गाठ हाताला आठवते. परीक्षेसाठी पाठ केलेली दोन महिन्यांत जाते.

नाशिकहून आलेला

सहावा मुलगा आठवीत नाशिकहून आला होता. आधीच्या पथकाचं पत्र होतं: प्रवेश आणि प्रथम सोपान पूर्ण, तारखांसह, पण शिक्का नाही. जुन्या रजिस्टरात कोणीतरी 'आधीच्या शाळेत पूर्ण' एवढंच लिहून ठेवलं होतं. त्या पथकाकडे पत्र पाठवून शिक्क्यासह प्रत मागवली, ती दहा दिवसांत आली, आणि दोन्ही पथकांच्या वार्षिक नोंदणीच्या पावत्या जोडल्या, म्हणजे मधला काळ सलग आहे हे दिसतं. द्वितीय सोपान त्याने इथेच केलं होतं, नोंदवहीतली शेवटची सही ३० डिसेंबरचीच. दुसऱ्या पथकाने दिलेली पायरी नवीन पथकाने मान्य करायची, मुलाला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं करायचं नाही. नोंदणीचं नूतनीकरण ज्या वर्षी राहिलं असेल, तिथे मात्र खरी अडचण होते, आणि ती मुलाला नाही, शाळेला निस्तरावी लागते.

२९ जुलैला पाच नावांची सुधारित यादी, दुरुस्त पानांच्या छायाप्रती, निवृत्त सरांचं पत्र आणि नाशिकचं पत्र असं सगळं एकत्र गेलं. कार्यालयाने पाचही नावं घेतली.

आता रजिस्टरात काय आहे

नव्या रजिस्टरात प्रत्येक सोपानाला एकाऐवजी तीन रकाने आहेत. 'शेवटचं कलम पूर्ण', 'पदक दिलं', आणि तिसरा, ज्याने हे प्रकरण घडलंच नसतं, 'पुढच्या सोपानासाठी सर्वांत लवकरची तारीख'. तिसरा रकाना सही करतानाच भरायचा, नंतर नाही. संगणकावरच्या तक्त्यात तो ईडेट (EDATE) या तारखेत महिने मिळवणाऱ्या सूत्राने आपोआप येतो, पण हाताने लिहिलेली प्रतही ठेवली आहे, कारण तक्ता ज्याच्या खात्यावर असतो तो माणूस बदलतो. सगळी कलमं सहीची झाल्याशिवाय पदक कपाटातून बाहेर येत नाही, ध्वजवंदन उद्यावर असलं तरी. कलमाची सही त्याच दिवशी, मैदानावरच. घरी जाऊन एकत्र सह्या करायच्या नाहीत. दर तीन महिन्यांनी संघनायक आपल्या संघातल्या प्रत्येक वहीचे रिकामे चौकोन मोजतो आणि सन्मानसभेत वाचून दाखवतो. प्रावीण्य पदकांसाठी, म्हणजे एकेका कौशल्याच्या पदकांसाठी, परीक्षक पथकाबाहेरचा, आणि ज्या मुलाची चाचणी त्याचा नातेवाईक नाही. 'सायकलिस्ट' पदकासाठीचं पंक्चर काढणं काका तपासू लागले की सहीवरच्या विश्वासाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पाचवा मुलगा दर शनिवारी येतो. ऑगस्टपासून सातवीतल्या नव्या मुलांना विस्तव तोच शिकवतो. नव्या रजिस्टरात त्याच्या नावापुढचा तिसरा रकाना भरलेला आहे: २६ एप्रिल.